पहिल्या अंकात हसवू नकोस

हेरंब, त्या मिशा काढून ठेव.
आणि ते डोळे वटारणंही.
सोहारच्या कॅम्पात तोडणकर कधी ओरडला नाही.
ओरडणाऱ्याला आम्ही घाबरत नव्हतो;
ओरडणारा दमतो, पाणी मागतो,
पाठ फिरली की त्याची नक्कल करता येते.
तोडणकरची नक्कल कोणी केली नाही,
खोलीला आतून कडी असतानासुद्धा.

तो यायचा हळू, बॉलपेनचं बटण दाबत.
टक. टक.
"आई कशी आहे रे?" विचारायचा,
आणि खरंच ऐकून घ्यायचा:
दाभोळचं घर, गळकी कौलं, गुडघे, धाकटीचं स्थळ.
मग जूनमधल्या एखाद्या दुपारी,
पाइपला हात लावला तर कातडी तिथेच राहील अशा,
त्यातलंच एक काहीतरी बाहेर काढून
समोर ठेवायचा,
विळी ठेवावी तसं, पातं आपल्याकडे करून.

नाझिम परकारची आई गेली तेव्हा
आमचे एकतीस पासपोर्ट ह्याच्या कपाटात,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, रबर लावून.
"शटडाऊन संपू दे," म्हणाला.
"माती तर झालीच असेल आता."
हे वाक्य म्हणताना आवाज चढवू नकोस.
थोडी काळजी असू दे त्यात.
त्याच्या आवाजात होती. भयंकर तेच होतं.

तू म्हणतोस, मंडळाचा कार्यक्रम,
बायकामुलं येणार, गणपतीचे दिवस,
जरा हलकं ठेवू, शेवटी सुधारतोच ना तो.
अरे, सुधारतो म्हणूनच!
घोटाभर पाण्यातून बाहेर आलेल्याला
कोणी टॉवेल देत नाही.

तिसऱ्या अंकात तो डबा घेऊन येतो.
रात्रीचा दीड. चौदा नंबरचं दार.
त्यानं पेननंच वाजवलं.
टक. टक.
आत आम्ही सहा जण.
बाळा साटमनं एसी बंद केला,
आपण जागे आहोत हे कळू नये म्हणून,
आणि ऑगस्टच्या त्या उकाड्यात
एकमेकांचा घाम ऐकत बसलो.
दार उघडायला अकरा मिनिटं लागली.
माझं नाटक म्हणजे ती अकरा मिनिटं.
पहिल्या अंकात ज्याला भीती वाटली नाही
तो खुर्चीतून म्हणेल, उघडा की, चांगला आहे बिचारा.
मग मी कशाला लिहिलं?

उघडलं शेवटी. त्यानं डबा उंबऱ्यावर ठेवला.
माफी मागितली नाही,
बहुतेक त्याला ती मागता येत नव्हती.
सकाळी त्याची नोकरी गेली.
नाझिमनं आपला पासपोर्ट उघडून पाहिला:
मुदत संपून चार महिने.
तो त्यानं शर्टाच्या खिशात घातला,
आणि तोंड धुवायला गेला.
टाळ्यांसाठी मी तिथे जागा ठेवलेली नाही.

एक सांगायचं राहिलं.
गेल्या शुक्रवारी बरक्याला गेलो होतो.
टायरच्या दुकानात हिशेब लिहितो आता,
केस सगळे गेलेत, डाव्या कानानं कमी ऐकू येतं.
संहिता त्याच्यापुढे ठेवली.
वाचत गेला, चहा निवला,
दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.
एका पानावर थांबला.
"परकारला तीन दिवस अडवला, असं लिहिलंयस."
मी म्हटलं, नाटकात जरा कमीजास्त...
"नऊ," तो म्हणाला. "नऊ दिवस. नीट लिही."
आणि खोडायला खिशातून पेन काढलं,
बटण दाबलं.

टक.

काउंटरवर ठेवलेले माझे हात
केव्हा खाली मांडीवर गेले,
मला कळलंही नाही.

ते करून दाखव, हेरंब.