आठ नव्हे, नऊ

चाळिसाव्या वाढदिवसाला मी यांना डंबेल दिले,
पाच-पाच किलोचे, निळ्या रबराचे.
मे महिन्यात गच्चीवर वारं सुटलं
तेव्हा पापडांचं प्लास्टिक त्यांनीच धरून ठेवलं.

एक्केचाळिसाव्याला सायकल. घरातल्या घरात चालवायची,
हप्त्यावर घेतलेली.
हँडलला टॉवेल, सीटवर इस्त्रीचे कपडे,
पेडलला एकदा लसणाची जुडीसुद्धा लोंबकळली.
चाक फिरवलं ते आमच्या ओवीनं, हातानं,
बाहुलीला चक्कर येईस्तोवर.

मग जिम. वर्षाचे पैसे एकदम भरले की सूट.
सिडकोतून कॉलेज रोड!
मी अंतर पाहिलंच नव्हतं,
सूट पाहिली होती.
अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी नाइट शिफ्ट लागली
आणि विषय मिटला.

मग मनगटावर घड्याळ आलं.
ते म्हणालं, तुमची झोप अपुरी आहे.
हे म्हणाले, एवढं तर आमच्या सुपरवायझरलाही ठाऊक आहे.
घड्याळ चार्जरसकट टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये
स्वतःच झोपायला गेलं.

मी रुसले. चांगली चार दिवस.
माणसाचं पोट सुटतं ते सुटू दे,
पण हातचे पैसे सुटतात त्याचं काय?

कुंदावन्सं ओझरहून आल्या होत्या.
सायकलवरचे टॉवेल घडी करता करता सहज म्हणाल्या,
दादा तर पहिल्यापासून रात्रीचाच चालतो.

तेव्हा मला ऐकू आलं
जे मी नऊ वर्षं ऐकतच होते:
सेकंड शिफ्ट सुटते, कंपनीची बस त्रिमूर्ती चौकात सोडते,
तिथून पवननगरपर्यंत
डब्यातला चमचा वाजत येतो.
रिक्षा उभ्या असतात. हे घेत नाहीत.
पायात सेफ्टी बूट, लोखंडी टोकाचे,
एकेका पायाला वीट बांधल्यासारखे,
आणि तरी चालत येतात.

माप हवं होतं. विचारलं असतं तर "कशाला?" आलं असतं.
रविवारी दुपारी हे घोरत असताना
पेपरची पुरवणी तळव्याला लावली,
ओवीच्या पेन्सिलनं कडेकडेनं रेघ ओढत गेले.
करंगळीपाशी पाय झटकला,
रेघ थेट राशिभविष्यात घुसली.
करंगळीवर भोवरी होती, जुनी, टणक.
लग्नाला चौदा वर्षं झाली. मला माहीत नव्हती.

शालिमारच्या दुकानदारानं कागद उलटासुलटा केला,
कन्या रास वाचली, मग म्हणाला,
आठ नव्हे, नऊ. आणि रुंद घ्या.
म्हटलं, कंपनीचे बूट आठचे आहेत.
तो म्हणाला, कंपनीचं पाऊल आठचं असेल.

काळे घेतले, कारण वंगण. हलके, पिशवीत मावणारे.
सोबत बोटभर टॉर्च, कोपऱ्यावरच्या कुत्र्यांसाठी.
चकचकीत कागदात गुंडाळले नाहीत,
केक नाही, फोटो नाही,
डब्याच्या पिशवीत शेजारी ठेवून दिले.

त्या रात्री चमचा वाजत गल्लीच्या तोंडाशी आला
आणि पुढे गेला.

मी गॅलरीत. आमटी दुसऱ्यांदा तापलेली.
चमचा उत्तमनगरकडे, मग कुठेच नाही,
मग वीस मिनिटांनी उलट्या दिशेनं, सावकाश.

"उशीर?"
"फिरलो जरा."
बूट दारात काढले, नीट जोडीनं ठेवले.
हा माणूस चपलासुद्धा भिरकावतो.

हल्ली आमटी रोज तीनदा तापते.
सिलिंडर लवकर संपतो, मी बोलत नाही.
पोट आहे तेवढंच आहे,
तेही मी काढत नाही.

दिवाळीआधी सायकल भंगारवाल्याला दिली.
काट्यावर एकतीस किलो भरली.
चला, घरातलं कुणाचं तरी वजन उतरलं.

डंबेल ठेवलेत.
मे महिना येतोच की.