हिरवी बाटली

नानलपेठेत, दस्तगीरभाईंच्या स्टुडिओत
मी काळ्यापांढऱ्या माणसांना रंग द्यायचो.
काडीला कापूस गुंडाळून
आधी गाल, मग ओठ, मग लुगडं.
कुंकू मात्र भाई स्वतः लावायचे,
ब्रशच्या तीन केसांनी, श्वास धरून.
म्हणायचे, इथं हात हलला
तर बाई जन्मभर तिरपी दिसेल.

खरा रंग कोणता, हे लोक सांगत नसत.
विचारलं तर म्हणत,
चांगला द्या.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्रिवेणाबाईंचा फोटो आला,
लग्नाचा.
लाल संपला होता.
बाटलीच्या तळाशी वाळकी खपली
आणि तिच्यात एक माशी.
नवरा सेलूचा, दारात उभा,
पॅसेंजर गाठायची होती त्याला.
मी हिरवा दिला.

परवा त्याच घरी बारशाला गेलो,
माझ्या भाच्याची सासुरवाडी ती.
भिंतीवर फोटो,
आणि फोटोखाली खुर्चीत त्या,
सुनांना, नातसुनांना सांगायल्या:
बापानं मानवतहून आणलेला शालू,
हिरवागार, हरभऱ्याच्या घाट्यावाणी.
मांडवात मावशी म्हनली, लाल का न्हाई घेतला?
सासूबाई तर त्या रंगापायी
वरीसभर माझ्याशी बोलल्या न्हाईत.

माझं बिस्कीट चहात पडलं.

एक वर्षाचा अबोला,
एक चूल, दोन बायका, मधे न बोललेलं सगळं,
ते माझ्या बाटलीतून निघालं होतं?
की अबोला खराच होता,
आणि त्याला बसायला
इतकी वर्षं एक रंग हवा होता?

नात उठली. तिनं ट्रंक उघडली.
डांबरगोळ्यांच्या वासातून शालू आला,
घड्यांवर विरलेला,
आणि डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल.

कुणी काही बोललं नाही.
पाळण्याची दोरी तेवढी करकरली.
त्रिवेणाबाईंनी पदरावरून बोटं फिरवली,
आंधळ्या माणसानं ओळखीचा चेहरा चाचपावा तशी,
आणि म्हणाल्या,
उतरला बघ रंग.
पन्नास वर्सांत हिरव्याचं काय ऱ्हातंय.

नातीनं माझ्याकडं पाहिलं.
तिला कुणीतरी सांगितलं होतं, हे रंगवायचे.
मी म्हणालो,
हिरवा उडतोच लवकर.

सगळ्यांच्या माना हलल्या. पेढे आले.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो.
मानवत रोड गेलं, पेडगाव आलं,
बाहेर काळ्या रानात उन्हं उतरत होती,
आणि मला तो फोटो पुन्हा दिसला,
गाल, ओठ, शालू,
कपाळ.

कपाळावर कुंकू.
भाईंचं. लालभडक.

मग लाल होता.

मग मी हिरवा का दिला?
नवऱ्यानं सांगितला? भाईंनी?
की मला, एकोणीस वर्षांच्या पोराला,
त्या चेहऱ्याखाली तोच हवा होता
आणि कारण मागाहून आणलं?

पण माशी होती.
तिचा एक पंख वर होता, खपलीच्या बाहेर,
मी तो काडीनं हलवून पाहिला होता.
एवढं कोण उगाच आठवेल?

परभणी आलं.
फलाटावर उतरलो तेव्हा
हाताला टर्पेंटाइनचा वास येत होता,
किंवा
मी हुंगला म्हणून आला.