आठ इंच

घर विकलं. ऑक्टोबरात ताबा.
त्याआधी अंगण एकदा चाळून दे, म्हणाली ओडील,
नव्या माणसांना फुकटचं काही जायला नको.

तीस वर्षं मी शाळेची बस चालवली,
आता हे यंत्र चालवतो :
काठीच्या टोकाला ताटली, कानांवर हेडफोन,
गुडघ्यांना रबराच्या वाट्या.
नदीच्या या काठाला मेन, त्या काठाला कॅनडा.
तिथल्या चर्चची घंटा आमच्या आधी एक तास
बारा वाजवून मोकळी होते.

पहिला तासभर खिळे.
खिळे, खिळे, लोणच्याच्या बरणीचं जस्ताचं झाकण,
सार्डिनच्या डब्याची किल्ली,
दांडा नसलेला चमचा.
ओडील पायरीवर, मांडीवर घोंगडी, वय एक्याण्णव.
प्रत्येक वस्तूचा आधी वास घेते.
'हा चमचा रोझेरचा. याने तो विहीर खणणार होता.
सहा वर्षांचा होता. रविवारपर्यंत पाणी लागेल म्हणाला होता.'

मग बैलाचा नाल.
खूर दुभंगलेला, म्हणून नालही अर्धा अर्धा;
माती झटकली तर निव्वळ स्वल्पविराम,
कुणीतरी वाक्य इथेच टाकून
जेवायला गेल्यासारखा.
'डाव्या बैलाचा,' ती म्हणाली. 'तो नाल पाडायचा.'
कशावरून, ते मी विचारलं नाही.

लायलॅकच्या झुडपामागे मात्र
कानात आवाज आला गोळीबंद.
इकडून तोच, तिकडून तोच.
पडद्यावरचा आकडा हलेना.
मी खुरपं काढलं.

'तिथे नको.'

मी हेडफोन खाली सरकवले.
'किती खोल दाखवतंय?'
'आठ इंच.'
तिने घोंगडीतून हात काढला,
बोटं मोजली, पुन्हा मोजली.
'लिओनिदने कमरेएवढं खणलं होतं.'

आमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते,
आतलं सगळं थोडंथोडं वर ढकलते.
वसंतात शेतात बटाट्यांआधी
दगडांचं पीक येतं;
शाळा बुडवून आम्ही पोरं तेच वेचायचो,
बादलीमागे पाच सेंट.
दगड कुठून येतात, असं कुणी विचारत नसे.
येतात.

'कोरियाहून आला, त्याच रात्री.
बूटसुद्धा काढले नव्हते. फावडं मागितलं.
मी कंदील धरला.'
'आत काय आहे?'
'कंदील धर म्हणाला होता.
बघ नव्हता म्हणाला.'

पलीकडे घंटा झाली. त्यांचे चार.

'हरवलेलं ते काढ, एल्फेज. तुझं कामच ते.
पण हे हरवलेलं नाही.'
मी माती सारखी करू लागलो
तेव्हा तीच म्हणाली, 'थांब.
सत्तर हिवाळ्यांत इतकं वर आलंय,
अजून दहांत गवत कापायच्या यंत्राला लागेल
त्या नव्या माणसांच्या.
काढ. आणि खाली घाल.'

मेणकापडात गुंडाळलेली पितळी डबी,
वजनाला कोंबडीएवढी.
उचलली तेव्हा आत काहीतरी एकदाच सरकलं,
झोपेत कुणी कूस बदलावी तसं.
मी ती गवतावर ठेवली, उन्हात,
आणि ओडीलने तोंड नदीकडे केलं.

खणत गेलो. काळी माती, मग पिवळी,
मग चिकण, मग दगड,
जे अजून निघालेले नाहीत, वाटेत आहेत.
सावल्या कोठारापर्यंत पोचल्या.
खड्ड्यात उभा राहून हाक मारली :
'कमरेएवढं झालं.'

ती उठली. काठी टेकत काठावर आली,
खाली वाकून मला नीट पाहिलं,
डबीकडे नाही.
'तू बुटका आहेस,' म्हणाली.
'लिओनिदची कंबर धर.'

मी फावडं पुन्हा उचललं.