स्थिर आकार

एकतीस वर्षं मी लोकांच्या घरातले आकडे वाचले,
गंजगोलाईपासून औसा रोडपर्यंत,
कुत्री चुकवत, उन्हात डोळे बारीक करून.
आता एकच मीटर उरलंय माझ्याकडं,
तेही हल नावाच्या गावात, जिन्याखालच्या कपाटात,
झाडू आणि कुणाच्या तरी जुन्या छत्रीमागं.

वर्षाराणीनं फोटो पाठवला पहिल्याच संध्याकाळी.
बॅगा अजून उघडल्या नव्हत्या.
मीच बजावलं होतं : चावी हातात आली की
देवाच्या आधी मीटरचं दर्शन घे.
आकडा लिही, तारीख लिही,
नाहीतर आधीच्या भाडेकरूची थंडी
तुझ्या बिलात येईल.

गॅसलाही मीटर असतं तिथं.
दैवशालाला पटेना. मग टाकी कुठं ठेवतात?
लाल चौकटीतले आकडे सोड, मी म्हणालो, ते दशांश.
काळे तेवढे वाच, डावीकडून.
शून्य, शून्य, चार, नऊ...
पाढे म्हणायची त्याच सुरात वाचत गेली.

महिन्याभरानं चिडून फोन.
पप्पा, मी बारा-बारा तास वॉर्डात असते,
घरात दिवा लागत नाही, तरी रोजचे पैसे कापतात.
तो स्थिर आकार, म्हणालो.
आपल्याही बिलात असतो.
काही वापरा, न वापरा,
तार दारापर्यंत आलीय ना, तिचे पैसे.
हे मी हजार उंबऱ्यांवर समजावलंय, शिव्या खात.
तिला समजावताना जरा वेळ लागला.

मग वही घातली.
घरभाडं. वीज, गॅस. इंटरनेट. बसचा पास.
काउन्सिलचा कर दहा हप्त्यांत,
फेब्रुवारी-मार्च मोकळे, तेव्हा बूट घे.
टीव्ही बघायला परवाना लागतो म्हणाली.
माझ्या वडिलांनी रेडिओचा काढला होता, पोस्टातून,
मला वाटलं ती गोष्ट संपली.
टीव्ही घेऊच नको.
आणि दर वेळी पौंडाचे रुपये करू नको, घास उतरणार नाही.
ते मी करतो. मला वेळ आहे.

करात पंचवीस टक्के कमी झाले, एकदा म्हणाली.
कशाबद्दल?
घरात एकटीच राहते, त्याबद्दल.
दैवशालाच्या हातातलं लाटणं थांबलं.
मी वहीत लिहिलं : वजा पंचवीस.

मधे दोन महिने तिनं आकडा कळवला नाही,
कंपनीनं अंदाजानं बिल लावलं.
तिला राग आला. मला नाही.
दार बंद दिसलं की आम्हीही शेरा मारायचो
आणि सरासरी लावायचो.
तिचा फोन लागत नाही त्या दिवशी
मी अजून तेच करतो :
जेवली असेल. हीटर सकाळी तासभर,
संध्याकाळी तासभर.
असेल.

पाण्याचं विचारलं तर मीटरच नाही म्हणाली.
कितीही वापरा, वर्षाचे ठरलेले पैसे.
मी पुन्हा विचारलं.
लातूरच्या माणसाला असं सांगू नये.

आमच्याकडं नळ आठव्या दिवशी, रात्री दोनला.
त्या रात्री आम्ही दोघं जागे,
तिच्याकडं साडेआठ वाजलेले.
दैवशालाच्या घागरी, माझ्या हातात पाइप,
खांद्यात मान वाकवून धरलेला फोन.
हीटर वाढव गं, म्हणतो,
पाच पौंडांनी काय होतंय.
बजेटमध्ये बसत नाही, म्हणते.
माझंच शिकवणं.

मग थोडा वेळ कुणीच बोलत नाही.
पप्पा, फोन ड्रमजवळ धरा ना जरा.
धरतो.
रिकाम्या ड्रमात पाणी आधी फार आवाज करतं,
मग भरत जाईल तसं हळू.
किती झाला?
अर्धा, मी सांगतो.
ठेवू नका, म्हणते.