कागदावर आहे तेवढं

दौलतगंजात, कुशवाहांच्या पिठाच्या गिरणीवर,
बुधवारी आणि शनिवारी साडेचारला
मी ईशानी टेंबेकडे वाचायला शिकतो.
मी अडुसष्ट, ती तेवीस.
फटीतून पीठ वर येतं, वहीवर बसतं.
फुंकर मारल्याशिवाय कळत नाही
टिंब कुठलं आणि गव्हाचा कण कुठला.

पहिल्याच दिवशी म्हणाली,
डोक्यावर टिंब असलेला सा तारेतला.
मला हसू आलं. तिला कळेना.
चौतीस वर्षं, बेटा, मी तारेतच होतो,
लष्करच्या तारघरात, बहुतेक रात्रपाळी,
कट्ट, कडकट्ट,
टिंबं आणि रेघा, कानातून बोटात, बोटातून कागदावर.
पुढे मशिनं आली. बोट काही विसरलं नाही.

तिने तार पाहिलेली नाही.
‘म्हणजे मेसेज ना, काका?’
हो. पण शब्दाशब्दाला पैसे पडायचे.

पायाशी टिंब, तो मंद्र.
मध्याला काहीच नाही, तो आपला उघडाबोडका.
ग च्या खाली आडवी रेघ, तो कोमल.
इथे मी अडकलो.
ऑफिसात लाल पेन्सिलीने रेघ ओढली
की तो शब्द मोठ्याने वाचायचा.
इथे रेघ म्हणते, जरा खाली उतर.

काफीचं सरगमगीत. सोळा घरं.
पहिल्याखाली फुली, नवव्याखाली शून्य.
शून्यावर टाळी नाही, हात नुसता उघडतो,
सुट्टे परत करावेत तसा.
‘काका, बोट अडखळतंय तुमचं.’
अडखळत नव्हतं.
टेबलावर ग्वाल्हेरची खूण देत होतं,
पलीकडे झाशी उचलते का बघत.

आणि मग ती रेघ, ग च्या पुढची.
मी ती सोडून पुढच्या स्वरावर गेलो.
‘थांबा. ती जागा रिकामी नाही.
मागचा ग अजून चालू आहे.’

फालक्या बाजारातले एक कासार होते, बांगड्यांचे.
रात्री दोनला स्वतः तारघरात आले, तार येणार म्हणून.
मी उतरवून घेतली, वाचून दाखवली:
आई सिरीयस. ताबडतोब निघा.
त्यांनी विचारलं, किती सिरीयस?
आम्हाला सगळ्यांना ठाऊक असायचं
सिरीयस म्हणजे काय.
पण नियम होता, कागदावर आहे तेवढंच वाचायचं.
मी पुन्हा तेवढंच वाचलं.
सही घेतली. त्यांच्या हाताला लाखेचा वास होता.

शनिवारी ईशानी म्हणाली,
‘बरोबर आहे, पण कागदावर आहे तेवढंच वाचताय.’
आणि तिने तो ग गाऊन दाखवला.
रे कडून आला, म ला शिवला, मग कुठेतरी
दोघांच्या मधे बसला, किंचित हलत.
हे कुठे लिहिलंय, मी विचारलं.
नाही लिहिलेलं, म्हणाली,
आणि पेन्सिलीला टोक करायला लागली.

तेवढ्यात लाइट गेली.
गिरणी घरघरत थांबली,
खाली कुणाचा तरी डबा अर्धा दळून राहिला.
कधी नव्हे इतकं शांत.
मी ग धरला.
पहिली रेघ,
दुसरी,
तिसरीला दम तुटला, खोकला आला.

खालून कुशवाह ओरडले,
‘बाबूजी, पानी भेजूँ?’
पाणी नको म्हणालो.
‘परत,’ ती म्हणाली, ‘सा पासून.’