जिथं आपलं कोणी नाही

लाइट बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर
मी तीन दिवसांचा हिशेब मांडलाय.
पेन्सिलीनं. खोडता यावा म्हणून.

कोपरखैरण्यात थंडी येते ती नुसती डोकावायला,
पहाटे खिडकीला जरा टेकते
आणि नळाला पाणी यायच्या आत निघून जाते.
हे म्हणतात, थंडी हवी तर चल
रात्री तीनला कांदा-बटाटा मार्केटात.
तिथं मिळते, फुकट.
पहिल्या गोणीला पळूनही जाते.

लग्नाला पंधरा वर्षं झाली.
सुट्टी म्हणजे पाटण.
दिवाळीला पाटण, मे महिन्यात पाटण, जत्रेला तर पाटणच.
राहणं फुकट, खाणं फुकट.
फक्त वन्संना साडी, थोरल्या जाऊबाईंना साडी,
पोरांना कपडे, म्हाताऱ्यांना फरसाण,
आणि पोचल्या पोचल्या पदर खोचून
अठरा माणसांच्या भाकऱ्या.
हा खर्च कुठल्याच बिलामागं मावत नाही.

म्हणून यंदा मी म्हटलं,
जिथं आपलं कोणी नाही
अशा गावाला जाऊ.
हे जरा वेळ गप्प बसले.
मग म्हणाले,
मग उतरायचं कुणाकडं?

महाबळेश्वर पहिल्याच ओळीत खोडलं.
नाताळात तिथं एका रात्रीचं जे मागतात
त्यात आमचा महिन्याचा किराणा येतो,
वर गॅसची टाकी.
माथेरान अर्धं लिहून खोडलं.
लोणावळ्याला तर प्रणिताच नको म्हणाली,
शाळेतून दोनदा नेलंय.
उरलं जव्हार.

ठाण्याहून एसटी.
बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे
मी आणि प्रणिता मिळून एक माणूस,
हे एकटेच एक माणूस.
निम्मं मोजलं गेल्याचा
जन्मात पहिल्यांदा फायदा दिसला.

तिथं एक भोयेबाई आहेत, दोन खोल्या भाड्यानं देतात.
फोनवर म्हणाल्या, शनिवार-रविवार धरू नका,
मंगळवारी या.
मी म्हटलं, अजून काही?
म्हणाल्या, मग संक्रांत होऊन जाऊ द्या.
आम्ही मार्केटची माणसं, आम्हाला काय सांगायचं.
गिऱ्हाईक ओसरलं की भाव उतरतोच,
कोबीचा काय आणि डोंगराचा काय.

बोलता बोलता त्यांनी विचारलं,
सकाळी चहा किती वाजता देऊ?

मला पटकन उत्तरच सुचेना.
सात, म्हटलं.
मग म्हटलं, नाही, आठ.
फोन ठेवल्यावर वाटलं
साडेआठ म्हणायला हवं होतं.

तर आता असं आहे:
भिशी माझ्या नावावर लागली तर सगळं बसतं.
नाही लागली तर सातशे चाळीस कमी पडतात.
दोन वेळचं जेवण घरून नेता येईल,
दशम्या, लसणाची चटणी,
पण दशम्या भाजायच्या कुणी,
म्हणून ती ओळ मी लिहिली आणि खोडली,
पुन्हा लिहिली. तिथं कागद जरा फाटलाय.
स्वेटर दोन आहेत, माणसं तीन.
प्रणिता म्हणते, सूर्यास्त बघायला
आळीपाळीनं घालू.

काल पाळी संपवून हे आले,
मी झोपेत होते.
सकाळी बिल बघितलं तर
माझ्या आकड्यांच्या खाली
यांच्या हातचं, पेननं, दाबून लिहिलेलं:
भोयेबाईंना रिकाम्या हातानं कसं भेटायचं.
कांदे, पाच किलो.

मी ते खोडलं नाही.
पेननं लिहिलेलं खोडताही येत नाही.
पिशवी कोण उचलणार
एवढंच विचारलं.