तोवर तुटला नाही

या समुद्राला भरती नसते.
भरतीच्या रेघा मी पहिल्यांदा पाहिल्या
त्या नऊ नंबरच्या तुकड्यात,
तुटल्यावर, भिंगाखाली:
एका कोपऱ्यातून निघालेली अर्धवर्तुळं,
आधी केसाएवढी दाट, मग पसरट,
आणि शेवटी एकदम खरखरीत राखाडी पट्टा,
जिथे पोलादानं मोजणं सोडून दिलं.

राउमाच्या गोदीत, रंगाच्या शेडमागे, आमची खोली.
बाहेर मार्चचा बर्फ, आत यंत्र.
सेकंदाला दहा वेळा ओढतं, दहा वेळा सोडतं.
वीस लाख व्हायला
दोन दिवस, सात तास, तेहेतीस मिनिटं लागतात.
रात्रपाळीला मी एकटी, थर्मासात कॉफी.
थकवा मोजणाऱ्या बाईला
जांभई देताना थोडी लाज वाटते.

कागदावर तीन वाटा आहेत.
पहिली सरळ: बळ भागिले क्षेत्रफळ,
जोड आहे हे ठाऊकच नाही असं समजायचं;
मग तक्त्यात त्याच्यासारखं चित्र शोधायचं
आणि चित्राखालचा आकडा मानायचा,
स्थळ बघताना घराणं विचारतात, तसं.

दुसरीला धीर लागतो.
खरा ताण असतो
जोड पत्र्याला टेकतो त्या कडेवर,
आणि नेमकं तिथेच काही चिकटवता येत नाही.
म्हणून बारा मिलिमीटरच्या पत्र्यावर
कडेपासून पाचाच्या किंचित अलीकडे एक पट्टी,
बारावर दुसरी.
दोघींचं ऐकायचं, जवळचीचं जास्त,
आणि जिथे जाता येत नाही
तिथवर रेघ ओढत न्यायची.

तिसरी म्हणजे कबूल केलेलं खोटं.
धारदार कोपऱ्यात गणित थांबतच नाही,
आकडा नुसता चढत जातो.
तेव्हा तिथे एक मिलिमीटर त्रिज्येचा गोलवा कल्पायचा,
प्रत्यक्षात नसलेला.
पडद्यावर लाल ठिपका उमटतो, मसुरीएवढा.
आमची नवी इंजिनियर तुइया काही बोलत नाही,
त्यावर नुसतं पेन टेकवते.

नऊ नंबर व्हेइक्कोनं जोडलेला.
एकाच दिवशी, एकाच हातानं, बारा तुकडे.
नऊ तीन लाखांना गेला,
तितक्याच भाराखाली सातवा एकोणीस लाखांना.
हलक्या भाराचा बारावा अजून चाललाय.

निवृत्त होऊन तीन आठवडे झाले होते, तरी तो आला.
टोपी न काढता भिंगावर वाकला,
भेग जिथून निघाली तिथे नख ठेवलं.
"इथे थांबलो होतो मी. कांडी बदलायला."
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"नाही. कांडी अर्धी शिल्लक होती."
मी विचारलं नाही.
फॉर्ममध्ये त्याला रकानाही नाही.

मग आलेख दाखवला.
ठिपके उधळलेले, मधून सरासरीची रेघ.
"जहाज या रेघेवर बांधतात होय?"
नाही म्हटलं. हिच्या बरीच खाली आणखी एक आहे,
शंभरातले दोन-तीनच जिच्या खाली घसरतील अशी.
जहाज तिच्यावर.
त्यानं बोटानं दोन्ही रेघांमधलं अंतर मोजलं.
"म्हणजे नऊ नंबरसाठी."
हो. नऊ नंबरसाठी.

बारावा आम्हीच थांबवला, एक कोटीला,
बाराव्या दिवशी दुपारी.
खोली इतकी गप्प झाली
की बाहेर गटारात बर्फ वितळत असल्याचं कळलं.
आलेखावर त्याच्या ठिपक्याला उजवीकडे बाण काढला.
तुटला नाही, असं आम्ही लिहीत नाही.
लिहितो: तोवर तुटला नाही.

नऊचा अर्धा भाग व्हेइक्कोनं मागून नेला,
मिठातल्या माशांच्या पिंपावर,
झाकणाला वजन म्हणून.
तिथे त्याला कोणी ओढत नाही, कोणी सोडत नाही.
नुसतं दाबून बसायचं.